मोगलाईतून सरहद्दीपलीकडे

मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास लिहिताना सत्याग्रह, तुरुंगवास आणि सरहद्दीवरील केंद्रे यांचा उल्लेख विस्ताराने होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु आईबापांचा हात धरून सरहद्द ओलांडणाऱ्या मुलांविषयी फारसे कोणी लिहीत नाही. आपल्या ज्ञातिबांधवांच्या कित्येक घरांत अशी मुले होती. त्यांपैकी जी आज हयात आहेत ती ऐंशीच्या घरात किंवा पुढे गेलेली आहेत. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच असल्यामुळे ही हकीकत आम्ही काही आठवणीने व काही वाचनाच्या आधारे सांगत आहो.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. मुकुंदवाडी मात्र झाली नाही. औरंगाबाद शहराच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पूर्वेचे हे खेडे निजामाच्या मुलखात होते आणि मीर उस्मान अली खान यांनी विलीनीकरण नाकारले होते. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘जैसे थे’ करार झाला, पण शांतता काही लाभली नाही. कासीम रझवीच्या रझाकारांचा उपद्रव वाढत गेला, तशी गावोगावची कुटुंबे मनमाड, बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा लगतच्या ठिकाणी आश्रयास गेली.

आमचे वय तेव्हा आठ वर्षांचे. बैलगाडीतून वैजापूरमार्गे येवला व तेथून मनमाड असा आमचा प्रवास झाला. मुकुंदवाडी ते मनमाड हे अंतर सुमारे ७० मैलांचे. पण वाटेत निजामाचा करोडगिरीचा नाका लागे आणि त्यापलीकडे खरोखर दुसरे राष्ट्र सुरू होई. आजच्या वाचकांस ही अतिशयोक्ती वाटेल, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

प्रथम नाण्याची गोष्ट. आमच्याकडे हाली सिक्का चाले, पलीकडे कलदार. शंभर कलदार रुपयांस हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, असा ठरीव भाव होता. मातोश्रींनी लुगड्याच्या पदरात बांधून आणलेले रुपये मनमाडच्या बाजारात मोजताना कमी भरू लागले, तेव्हा त्यांना कोणीतरी फसवीत आहे असेच वाटले. दुसरी गोष्ट कारभाराची. आमचा अव्वल तालुकदार तेथे कलेक्टर झाला, तहसीलदाराचा मामलेदार झाला आणि पटवाऱ्याचा तलाठी. तिसरी आणि मुलांना सर्वांत अवघड गेलेली गोष्ट शाळेची. निजामी राज्यात प्राथमिक वर्गांत मातृभाषेला थोडी जागा असे. पुढे सारे शिक्षण उर्दूतून, थेट १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत. आम्ही शाळेला मदरसा म्हणत असू, वर्गाला जमात आणि परीक्षेला इम्तिहान. तिकडच्या एका शाळेत गुरुजींनी महिना विचारला, तेव्हा आम्ही उभे राहून मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, ‘खुर्दाद, १३५७ फसली!’ वर्ग खो खो हसला. उत्तर चूक नव्हते. एप्रिल १९४८ ला आमच्याकडे तेच म्हणत. त्या दिवसापासून आमचे नाव ‘मोगलाईतला’ असे पडले. मराठीच बोलणाऱ्या मुलांनी मराठीच बोलणाऱ्या मुलास परका ठरवावे, याचे दुःख घर सुटल्याच्या दुःखाहून त्या वयात अधिक झाले, हे आम्ही संकोच न धरता नमूद करतो.

आमच्याआधी, १९३८ साली, औरंगाबादच्या कॉलेजातून वंदे मातरम् गीताच्या हक्कासाठी विद्यार्थी उठले होते आणि ते लोण हैदराबादेपर्यंत पोहोचले होते. काढून टाकलेल्या कित्येकांस नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. ते तरुण आपण काय सोडतो हे जाणून गेले. आम्हांस कोणी विचारलेच नव्हते. आमचा सारा विचार गोठ्यातल्या पाडसाचा आणि घरामागच्या चिंचेचा.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरले. १५ तारखेस औरंगाबाद हाती आले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. दसऱ्याच्या सुमारास आम्ही गावी परतलो. घर उभे होते, चिंचही होती, पाडस नव्हते.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे, जी अशा लेखांतून बहुधा वगळली जाते. आमच्या जमातीत शेजारी बसणाऱ्या एका मुसलमान मुलाच्या घराला कुलूप होते. त्याचा बाप रझाकार नव्हता, कातडी मोटा शिवून पोट भरणारा होता. सप्टेंबरनंतर सूडाची लाट उलटली आणि अनेक जिल्ह्यांत निरपराध मुसलमान मारले गेले. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हा आकडा २७,००० ते ४०,००० असा अंदाजिला. तो अहवाल पुढे कित्येक वर्षे प्रसिद्ध झाला नाही. आमच्या सोबत्याचे कुटुंब कोणत्या दिशेने गेले, हे वडिलांनी बरेच दिवस विचारून पाहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि वैजापूर-येवल्यामधली राज्याची सरहद्दही उरली नाही. तोवर त्या घरात दुसरे बिऱ्हाड आले होते.