जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स: आधी ओळखा, मग उघडा

नया नगरपासून काशीमिरापर्यंत आणि पलीकडे भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांपर्यंत कितीतरी घरांचा रोजचा खर्च एका जुन्या पिकअपवर चालतो. भाजी, फर्निचर, भंगार, मंडपाचं सामान, उत्तनची मासळी, सगळं तिच्यावरच. नवी गाडी परवडत नाही म्हणून आठ-दहा वर्षं वापरलेली घेतली जाते. मग एके दिवशी उस्ताद म्हणतो, "गिअरबॉक्स उतरवावा लागेल." त्या एका वाक्यात तीन-चार दिवसांचा बुडालेला धंदा असतो, आणि खर्चाचा आकडा तर बॉक्स उघडल्यावरच कळतो.

म्हणून दोन गोष्टी मालकाला स्वतःला कळल्या पाहिजेत. आपल्या गाडीत बसलेला गिअरबॉक्स नेमका कोणता आहे? आणि दुखणं खरंच गिअरबॉक्सचं आहे का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "नाही" असं निघतं.

आरसीवर गिअरबॉक्स नसतो

आरसीवर चेसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे तीन मालकांच्या हातून फिरलेल्या गाडीत कोणी, कधी आणि कुठला बॉक्स बसवला हे कागदावर सापडणार नाही. ते गाडीखाली जाऊनच बघावं लागतं.

सुरुवात सोपी आहे. पुढचे गिअर मोजा. लिव्हरच्या मुठीवरच्या नकाशावर विसंबू नका, मूठ बाजारात कुठलीही मिळते. टाटा एस, म्हणजे आपला २००५ साली आलेला छोटा हाथी, मूळचा चार गिअरचा. टाटा २०७ पाच गिअरची. महिंद्राच्या जुन्या जीप-पिकअप घराण्यात चार स्पीडचा केएमटी-९०, पाच स्पीडचा बीए-१० (मूळ फ्रान्सच्या पेजो कंपनीचा) आणि नंतरच्या एनजीटी मालिकेतले बॉक्स भेटतात. (जाता जाता: हायवेने कांदिवलीला जिचा कारखाना लागतो ती ही कंपनी १९४५ मध्ये "महिंद्रा अँड मोहम्मद" या नावाने सुरू झाली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं.)

मग गाडी सपाट जागी लावा, चाकांना दगड लावा आणि खाली जा. गाडी उचलायची असेल तर नुसत्या जॅकवर विश्वास ठेवून खाली झोपू नका, स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळे लावा. बॉक्सच्या कुशीवरचा चिखल डिझेल आणि तारेच्या ब्रशने काढला की दोन प्रकारचे आकडे दिसतात. एक आकडा धातूतच ओतलेला, उठावाचा असतो. तो कवचाचा नंबर. एकच कवच कंपनी दोन-तीन वेगवेगळ्या बॉक्सना वापरू शकते, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर पार्ट मागू नये. दुसरा आकडा ठोकून कोरलेला किंवा छोट्या पत्र्याच्या पट्टीवर असतो. कामाचा तोच. मोबाईलने फोटो काढून ठेवा, आणि दुकानात तोंडी वर्णन करण्यापेक्षा तोच दाखवा.

टाटाचे आकडे थोडं काही सांगूनही जातात. २०७ च्या बॉक्सचं नाव जी-७६-५/४.१ असं लिहितात. त्यातला ५ म्हणजे पुढचे पाच गिअर. ४.१ म्हणजे पहिल्या गिअरचं प्रमाण: इंजिन ४.१ फेरे फिरतं तेव्हा मागे जाणारा शाफ्ट एक फेरा फिरतो. पट्टी गायब असेल आणि बॉक्स खाली उतरलेलाच असेल तर हे हातानेही तपासता येतं. पहिला गिअर टाका, पुढचा शाफ्ट फिरवा आणि मागच्याच्या एका फेऱ्याला किती फेरे लागले ते मोजा. सहावी-सातवीतलं गुणोत्तर इथे कामाला येतं.

दुखणं कुठलं आहे?

सर्वांत आधी क्लच आणि गिअरबॉक्स यांचा वाद मिटवा. इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबा आणि सगळे गिअर एकेक टाकून बघा. एखादा अडला तर गाडी वीतभर ढकलून परत टाका. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद इंजिनवर लोण्यासारखे पडणारे गिअर चालू इंजिनवर खरखरत असतील, तर बॉक्सवर आळ घेण्याआधी क्लच बघा, तो पूर्ण सुटत नाहीये. आणखी एक खूण: चालू इंजिनवर क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही करकर आली तर संशय पक्का. बंद इंजिनवरही गिअर जड जात असतील तर लिव्हरखालचा बुश, रॉडचे सांधे किंवा केबल बघा. आतला सिलेक्टर त्यानंतर.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा वाशीच्या मार्केटमधून भाजी आणतात. सकाळी गिअर नीट पडायचे, तासाभराने पहिला आणि रिव्हर्स खरखरायला लागायचे. एका गॅरेजने थेट बॉक्स उतरवायचं सांगितलं. दुसऱ्या मिस्त्रीने बोनेट उघडून आधी क्लचच्या फ्लुइडची डबी पाहिली, तर फ्लुइड तळाला गेलेलं. खालच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर गेलं होतं. किट बदललं, हवा काढली, आणि गाडी त्याच दिवशी रस्त्यावर. किटचा खर्च काही शे रुपये. बॉक्स उतरवला असता तर मजुरी वेगळी, आणि दुखणं तिथेच राहिलं असतं.

उलटा प्रकार म्हणजे क्लच घसरणं. गायमुख घाटात भरलेली गाडी चढवताना इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही, जळका वास येतो. मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून टॉप गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर प्लेट संपली आहे, किंवा बॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल येऊन ती भिजली आहे. ही परीक्षा एकदाच घ्या, पुन्हापुन्हा केली तर चांगली प्लेटही जाईल.

आवाजाचं गणित थोडं बारीक आहे, पण कान लावला तर पैसे वाचतात. गाडी उभी, न्यूट्रल, इंजिन चालू. घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते: पुढच्या शाफ्टचं किंवा ले-शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो: रिलीज बेअरिंग, म्हणजे परत क्लचचंच खातं. गाडी चालताना पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात घुमणारा आवाज चौथ्यात एकदम कमी होत असेल तर ले-शाफ्टवर संशय घ्या. या पाच स्पीडच्या बॉक्समध्ये बहुधा चौथा गिअर थेट असतो, जोर ले-शाफ्टवरून जातच नाही. चार स्पीडमध्ये तीच गोष्ट टॉप गिअरची. सगळ्याच गिअरमध्ये सारखा आवाज असेल आणि तो फक्त गाडीच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर मागे सरका: सेंटर बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, हाऊसिंग. गाडी सुटताना "टक" असा एक ठोका पडतो, तो बहुतेक क्रॉसचा.

गिअर आपोआप निसटत असेल तरी लगेच बॉक्स उघडू नका. अ‍ॅक्सिलेटर दाबताना आणि सोडताना लिव्हर पुढेमागे झोके घेते का बघा. घेत असेल तर बॉक्सखालचं रबर माउंटिंग बसलंय किंवा इंजिनला जोडणारे बोल्ट ढिले आहेत. हे ठीक असेल तर मग आतलं स्प्रिंग-गोळी, चिमटा आणि झिजलेले दात. एकच ठराविक गिअर टाकताना करकर येत असेल तर त्या गिअरची सिंक्रो रिंग. त्यासाठी मात्र बॉक्स उघडावाच लागतो.

तेल

तेल बदलताना आधी वरचं भरायचं बूच उघडा, मगच खालचं. मासळीच्या गाड्यांचं खारं पाणी गळून बूच असं गंजतं की उघडतच नाही, आणि खालून तेल काढून बसलात तर गाडी तिथेच अडकते. बाजूच्या भोकाच्या कडेपर्यंत तेल असलं की पातळी बरोबर.

निघालेलं तेल फेकण्याआधी बघा. बुचाच्या चुंबकावर राखाडी लेप असणं साहजिक आहे. सोनेरी चमक म्हणजे पितळी सिंक्रो रिंग झिजतेय. नखात पकडता येईल असा लोखंडी तुकडा मिळाला तर गाडी चालवू नका. चहासारखं दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की ते बॉक्सच्या ब्रीदरमधून आत जातं. ब्रीदर मातीने बंद झाला तर उलटा त्रास होतो: आत दाब वाढतो, सीलमधून तेल झिरपतं आणि आपण सीलवर सील बदलत बसतो.

"गिअर ऑइल द्या" एवढंच दुकानात सांगू नका. पितळी रिंगांच्या जुन्या बॉक्सना सहसा जीएल-४ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० चालतं. मागच्या हाऊसिंगला लागणारं जीएल-५ जास्त तिखट असतं, त्यातली काही रसायनं पितळाला खातात. दोन्हीकडे एकाच डब्यातलं ओतण्याची सवय फार गॅरेजमध्ये आहे. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय ते बघा आणि डबा समोर उघडायला सांगा.

जुना बॉक्स विकत घेताना

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने बॉक्स मिळतात आणि त्यातले बरेच चांगलेही असतात. पण नुसतं "२०७ चा आहे" हे पुरेसं नाही. पुढच्या शाफ्टच्या खाचा मोजा आणि आपली क्लच प्लेट नेऊन त्यावर चढवून बघा. शाफ्टची लांबी, घंटीसारख्या कवचाची बोल्टची भोकं, मागचा फ्लँज, माउंटिंगची जागा आणि स्पीडोमीटरची केबल लागते ते तोंड, हे सगळं जुन्याशी जुळलं पाहिजे. पुढचा शाफ्ट धरून वरखाली हलवा, जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग गेलेलं आहे. हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून बघा. परत घेण्याची बोली बिलावर लिहून घ्या, ओळखीचा दुकानदार असला तरी.

आणि गाडी मध्येच बंद पडून ओढून न्यायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा. मागची चाकं रस्त्यावर ठेवून न्यूट्रलमध्ये लांब ओढली तर चाकांबरोबर मेन शाफ्ट फिरतो, पण इंजिन बंद असल्याने ले-शाफ्ट थांबलेला असतो आणि तेल वर उडत नाही. कोरड्या बेअरिंगवर शाफ्ट फिरत राहतो. वर्सोवा पुलापासून घरापर्यंत आणायची असली तरी मागची चाकं उचलून घ्या, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट सोडवा. सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची एक आडवी रेघ मारा आणि बसवताना तीच रेघ जुळवा. नाही जुळली तर पुढे गाडी थरथरेल आणि दोष परत गिअरबॉक्सवरच जाईल.