लक्ष वाढवणारा गेम : औषध की करमणूक?

"डॉक्टर, पोरगं मोबाइलवर दोन-दोन तास हलत नाही, मग अभ्यासातच लक्ष का लागत नाही?" बीड जिल्ह्यातले पालक हा प्रश्न हमखास विचारतात. पाठोपाठ दुसरा येतो, "लक्ष वाढवणारा गेम घेऊ का?" उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू.

१९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी बुद्धी चांगली असूनही स्वतःवर ताबा न राहणाऱ्या मुलांचं वर्णन केलं. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना बेंझेड्रिन या औषधाने अशी मुलं अभ्यासाला बसू लागल्याचं दिसलं. 'एडीएचडी' हे नाव १९८७ साली आलं.

मग संगणक आला. कॅलिफोर्नियातले ॲडम गझाली यांनी 'न्यूरोरेसर' हा खेळ बनवला. त्यात वळणाच्या रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि ठरावीक खूण दिसताच बटण दाबायचं. खेळणारा सुधारला की खेळ अवघड होतो. वृद्धांवरचा त्याचा अभ्यास २०१३ साली 'नेचर'मध्ये आला. याच तत्त्वावर मुलांसाठी 'एंडेव्हर आरएक्स' तयार झाला. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी त्याला परवानगी दिली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारा हा पहिला गेम.

आता महत्त्वाचं. त्याची चाचणी ३४८ मुलांवर झाली. रोज २५ मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, ४ आठवडे. संगणकावरच्या लक्ष-चाचणीत मुलं सुधारली. पण घरी दिसणारी लक्षणं पालकांनी नोंदवली, तेव्हा हा गेम खेळणारी आणि साधा शब्दखेळ खेळणारी मुलं यांत फरक दिसला नाही. म्हणजे हा फार तर जोड-उपचार. औषध, पालकांचं मार्गदर्शन आणि शिक्षकांची मदत यांची जागा तो घेत नाही. जाहिरातीतल्या इतर गेम्सच्या मागे तर बहुतेकदा एवढाही पुरावा नसतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथंच आहे. मोबाइल क्षणाक्षणाला बक्षीस देतो, पाढे देत नाहीत. त्यामुळे मोबाइलवर लक्ष लागतं म्हणून एडीएचडी नाही, असं होत नाही.

आणि वर्गात लक्ष नाही म्हणजे एडीएचडीच, असंही नाही. लक्षणं किमान ६ महिने, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी, आणि १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात. आपल्याकडे आईबाप ऊसतोडीला गेले की मूल कधी फडावर, कधी आजीकडे. शाळा बुडते, धडे मागे पडतात. अशा मुलाला गेम नव्हे, शाळा हवी. काहींना कमी ऐकू येतं, काहींचं रक्त कमी असतं, काहींची झोप अपुरी असते.

म्हणून गेमवर पैसे घालण्याआधी मुलाला तपासून घ्या. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा, बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. सोबत शिक्षकांचं मत लिहून आणलंत, तर निदान सोपं होतं.