सोने मिसळलेले काळे तांबे

जपानी तलवारीची मूठ आणि पाते यांच्यामध्ये एक चपटी तबकडी असते. तिला ‘त्सुबा’ म्हणतात. १८७६ साली सरकारने सामुराईंना तलवार लावून हिंडण्यास बंदी केली आणि अशा असंख्य तबकड्या यूरोप-अमेरिकेतील संग्राहकांकडे गेल्या.

त्या ओळखायच्या कशा? कोरलेल्या नावावर विसंबू नये. नामांकित कारागिरांची नावे पुष्कळदा खोटीच कोरलेली असतात. मधले भोक अधिक बोलके. पाते घट्ट बसावे म्हणून त्याच्या टोकांना तांब्याचे तुकडे ठोकलेले असतील, तर तबकडी बहुधा खऱ्या तलवारीवर चढलेली होती.

मग रंग. काही तबकड्या निळसर काळ्या दिसतात, पण तो रंग वरून फासलेला नसतो. तांब्यात काही टक्के सोने मिसळून ‘शाकुदो’ हा मिश्रधातू करतात. तो तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळला, की पृष्ठभागावर तांब्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो. या थरात विखुरलेल्या सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळे तो काळा दिसतो. गंमत म्हणजे त्याच द्रावणात नुसते तांबे उकळले, तर ते तांबूसच राहते.

तांब्याची भांडी चिंचेने लख्ख घासणारे आपण इथे हमखास फसू. आम्लात तो थर विरघळतो, आणि हाती चकचकीत तांबूस तबकडी उरते.