नाला जातो कुठे?

आज आधी एक कबुली. बीटेकला असताना मी बदलापुरात बाइकचं ऑइल घरीच बदलायचो आणि जुनं ऑइल सरळ सोसायटीबाहेरच्या गटाराच्या जाळीत ओतायचो. ती जाळी पुढे कुठे निघते, हे मी कधी विचारलंच नाही.

निघते उल्हास नदीत. घरातल्या सांडपाण्यावर निदान प्रक्रिया व्हावी अशी अपेक्षा तरी असते. पावसाळी गटाराला मध्ये काहीच नसतं, जे पडेल ते थेट नदीत.

आता बारवी धरण बघा. १९७२ साली एमआयडीसीने ते उद्योगांसाठी बांधलं, पण आज त्याच पाण्यावर आपल्या भागातली लाखो माणसं जगतात. धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या वाटेने खाली येतं आणि बदलापूरच्या पुढे जांभूळला उचललं जातं. म्हणजे माझं ऑइल निघालं होतं कुणाच्या तरी नळाकडे!

उल्हासनगरची गोष्ट तर आणखी बोचते. महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये या वसाहतीला नाव मिळालं ते नदीवरून. नदीचं नाव लावणाऱ्या याच शहराचा खेमाणी नाला वर्षानुवर्षं त्याच नदीत घाण सोडत राहिला. शेजारून वाहणारी वालधुनी अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लागून येते. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर कुणीतरी तिच्यात रसायन ओतलं आणि वायूने शेकडो लोकांना दवाखान्यात जावं लागलं.

मग लोकच पुढे आले. ‘वनशक्ती’ संस्था या दोन्ही नद्यांसाठी हरित लवादात गेली, २०१५ मध्ये कडक आदेश निघाले. पुढे काही कार्यकर्ते मोहन्याजवळ जलपर्णीविरुद्ध नदीपात्रातच आंदोलनाला बसले. पण कोर्ट कारखान्याचा पाइप पकडू शकतं. माझ्यासारख्याच्या हातातलं ऑइलचं डबडं कोण पकडणार?

म्हणून आम्ही सात-आठ जण रविवारी जाळ्यांशेजारी रंगाने लिहितो: ‘हे पाणी नदीत जातं.’ ऑफिसमधल्या कोडपेक्षा हे अवघड, रंग पहिल्याच पावसात उडतो. (ऑइलपेंट घ्या, आमची चूक करू नका.)

मागच्या वेळी कोपऱ्यावरचे गॅरेजवाले काका चिडून म्हणाले, “लिहिलंस ते ठीक, पण मग ऑइल टाकू कुठे?”

प्रश्न रास्त होता. जुनं ऑइल रिसायकलिंगला घेणारे असतात, पण आधी साठवायला तर हवं. दुसऱ्या दिवशी मी वीस लिटरचा रिकामा कॅन नेऊन दिला. काल बघितला, अर्धा भरलाय.