शीड गेलं, इंजिन आलं

उरणचा इतिहास म्हटला की 1930 चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह येतो, 1984 चं शेतकऱ्यांचं आंदोलन येतं, मिठागरं येतात. ते यायलाच हवं. पण मोरा आणि करंजा बंदरांतून माणसं अन् मासळी पलीकडे नेणाऱ्या यंत्रांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हल्ली जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक वाद रंगतो. जुनं इंजिन दुरुस्त करून जपावं, की ते काढून बॅटरी आणि मोटार बसवावी? आमच्या किनाऱ्यावर असा बदल एकदा होऊन गेलाय. तो गाड्यांवर नाही, होड्यांवर झाला.

आधी मचवे शिडावर चालायचे. वारा पडला की वल्ही मारायची, हातांना फोड यायचे. स्वातंत्र्यानंतर सरकारी कर्ज आणि अनुदान सहकारी सोसायट्यांमार्फत कोळीवाड्यांत आलं आणि होड्यांना इंजिनं बसू लागली. लाकूड तेच, नाखवा तोच. फक्त मागून शाफ्ट काढून पंखा लावला. मासळी ताजी असतानाच मुंबईच्या बाजारात पोचू लागली, वल्ह्याचे कष्ट गेले. पण वारा ओळखून शीड फिरवणारे हात एका पिढीत रिकामे झाले. आज ज्याला आपण जुनं, अस्सल म्हणतो ते डिझेल इंजिन तेव्हा परकं होतं. आमच्या घरातले म्हातारे तर म्हणायचे, "या वासानं मासळी पळंल!"

हळूहळू तेही आपलंसं झालं. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे देशी इंजिनं गावोगाव पोचली. भाताच्या गिरणीत, पाणी उपसायला, सगळीकडे तीच पुकपुक. चालू करायची तऱ्हा ठरलेली होती. डोक्यावरचा खटका उचलायचा, हँडल जोरात फिरवायचं, चाकाने वेग धरला की खटका सोडायचा. हँडल वेळेत निघालं नाही तर मनगट गेलंच समजा. माझे काका मिस्त्री होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानाला, आणि डोळे मिटून सांगायचे, "रिंग गेली." मला म्हणायचे, "इंजिन बोलतंय बाळा, ऐकायला शिक." 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या वर काढतात, इंजिनं खोलतात. नोझल, पंप, पिस्टन, गॅसकेट सगळं ताडपत्रीवर मांडलेलं. मिस्त्र्यांची शाळा भरते ती याच दिवसांत.

आता जगाचं बघू. जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ 2019 मध्ये म्हणाला की इंजिन काढून मोटार बसवलेली गाडी ऐतिहासिक राहत नाही. कुणाला बदल करायचाच असेल तर तो परत फिरवता येईल असा करा, आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवा. आपल्याकडेही 2021 च्या केंद्रीय नियमानुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी लागते, आणि तिची चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही.

गंमत अशी की बोटीवर वीज ही डिझेलपेक्षा जुनी आहे. 1881 मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या सीन नदीत विजेवर बोट चालवली. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन नीट चाललं ते 1897 मध्ये. तेव्हाच्या बॅटऱ्या जड आणि लवकर संपणाऱ्या, म्हणून तेल जिंकलं. आता बॅटऱ्या हलक्या झाल्यात आणि वीज पुन्हा दारात उभी आहे. केरळात वैकमला 2017 पासून 'आदित्य' ही 75 प्रवाशांची सौर बोट रोजच्या फेऱ्या मारते. करंजा ते रेवस हे अंतरही लहान. मोऱ्याला गाळामुळे ओहोटीच्या वेळी लाँचचा खोळंबा होतोच, तेवढ्या वेळात चार्जिंग होईल. पण अनेक दिवस खोल समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरला ते कसं परवडावं? तिथे प्लग कुठला?

आणि वीज येते कुठून? बोकडवीऱ्याजवळ 1982 पासून वायूवर वीज बनते आहे. होडीतला धूर गेला तरी तो कुठल्या तरी गावाच्या वाट्याला येतो, हे उरणकरांना शिकवायला नको. तरीही बंदरावरची काळी तवंगाची पट्टी कमी झाली तर कुणाला नकोय?

म्हणून मला वाटतं, दिखाव्याची वस्तू आणि पोटाची वस्तू यांना एक नियम लावू नये. जी गाडी इतिहास म्हणून जपायची तिचं काळीज काढू नका. पण होडी पोट भरण्यासाठी आहे. ती शिडावरून डिझेलवर आली, उद्या विजेवर जाईल. तिला अडवायचा हक्क किनाऱ्यावर बसलेल्यांना नाही. फक्त दोन गोष्टी व्हाव्यात. शिडाला इंजिन लावताना सरकार पाठीशी होतं, तसं याही वेळी असावं. नाहीतर कर्जाचं ओझं एकट्या नाखव्याच्या डोक्यावर बसेल. आणि काढलेली सगळीच इंजिनं भंगारवाल्याला देऊ नका. प्रत्येक बंदरावर एक तरी चालू ठेवा, आणि शेजारी एखादा म्हातारा मिस्त्री बसवा. शीड शिवणारे गेले तेव्हा आपण त्यांना काही विचारून ठेवलं नव्हतं. इंजिन ऐकणारे अजून आहेत.