घरावर सोलर बसवताय? अनुदान किती, फी किती आणि कोटेशनमध्ये काय तपासायचं

घरावर सोलर बसवायचं ठरलं की पैसे बाबा किंवा आजोबा देतात, पण फॉर्म भरायचं काम बहुतेक घरांत आपल्याकडेच येतं. कारण साधं आहे, ओटीपी आपल्याला पटकन दिसतो! म्हणून हा लेख मी फॉर्म भरणाऱ्यांसाठी लिहितोय. सरकार किती पैसे देतं, वीज कंपनी किती घेते आणि विक्रेत्याच्या कोटेशनमधली कुठली रक्कम नक्की कोणाकडे जाते, हे तीन प्रश्न आज आपण सोडवणार आहोत.

आधी लेखाचं सार सांगून टाकतो. अनुदानाची रक्कम ठरलेली आहे आणि ती सगळ्यात शेवटी, थेट ग्राहकाच्या खात्यात येते. सरकारी किंवा वीज कंपनीची फी असेल, तर ती छोटी असते आणि तिची पावती मिळते. बाकी जे काही कोटेशनवर लिहिलेलं असतं, ती विक्रेत्याची किंमत असते आणि तिच्यावर घासाघीस करता येते.

योजना कोणती?

केंद्र सरकारची 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. १ कोटी घरांच्या छतांवर सोलर बसवायचं उद्दिष्ट आहे, खर्चाची तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आहे आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. नावात 'मुफ्त' असलं तरी यंत्रणा फुकट मिळत नाही. मिळतं ते अनुदान. ते असं:

- १ किलोवॅट : ३०,००० रुपये
- २ किलोवॅट : ६०,००० रुपये
- ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त : ७८,००० रुपये

म्हणजे पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. त्यापुढे कितीही मोठी यंत्रणा बसवली तरी आकडा ७८,००० वरच थांबतो. "५ किलोवॅट घ्या, अनुदान जास्त मिळेल" असं कोणी सांगितलं तर ते चूक आहे.

हे आकडे महाराष्ट्रात सगळीकडे सारखेच आहेत. तुमची वीज महावितरणची असो, मुंबईत बेस्टची असो, टाटा पॉवरची असो की अदानीची, केंद्राचं अनुदान तेवढंच. बदलतं ते वीज कंपनीचं शुल्क आणि कामाची पद्धत.

राज्याचं वेगळं अनुदान

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना मंजूर केली. पूर्ण नाव 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र निवासी रूफटॉप सोलर'. ही कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी, १ किलोवॅटच्या यंत्रणेसाठी आहे. केंद्राच्या ३०,००० वर राज्याचे पैसे असे मिळतात:

- दारिद्र्यरेषेखालील कुटुंब : १७,५०० रुपये. ५०,००० च्या यंत्रणेत घरातून फक्त २,५०० जातात.
- महिना १०० युनिटपेक्षा कमी वापर, सर्वसाधारण गट : १०,००० रुपये
- महिना १०० युनिटपेक्षा कमी वापर, अनुसूचित जाती-जमाती : १५,००० रुपये

गावाकडे आजी-आजोबांचं घर असेल आणि बिल अगदी कमी येत असेल, तर आधी इथे पात्रता तपासा.

अनुदान कशावर मोजतात? इथे लक्ष द्या

सोलरमध्ये दोन क्षमता असतात. एक सगळ्या पॅनेलची मिळून, दुसरी इन्व्हर्टरची. अनुदान यातल्या कमी असलेल्या आकड्यावर मोजतात.

समजा विक्रेत्याने ५४० वॅटचे ५ पॅनेल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर दिला आणि तोंडी सांगितलं, "तीन किलोवॅटचा सेट आहे." हिशोब करून बघू. पाच पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट. अनुदान ६०,००० अधिक ०.७ गुणिले १८,००० म्हणजे १२,६००. एकूण ७२,६००. हातात ७८,००० येतील असं धरून बसलेल्या घराला ५,४०० कमी मिळणार. सहा पॅनेल घेतले तर पॅनेल ३.२४ किलोवॅट आणि इन्व्हर्टर ३ किलोवॅट, म्हणजे पूर्ण ७८,०००. म्हणून कोटेशनवर "३ किलोवॅट" एवढंच लिहिलेलं चालत नाही. पॅनेलची संख्या, प्रत्येकाचे वॅट आणि इन्व्हर्टरची क्षमता वेगवेगळी लिहून घ्या.

दुसरी अट डीसीआर पॅनेलची. डीसीआर म्हणजे ज्यातले सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेत असे. अनुदान फक्त याच पॅनेलवर मिळतं. बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त पडतात, वीजही बनवतात, पण अनुदान हातचं जातं. पॅनेलच्या मागच्या बाजूला अनुक्रमांक असतो. तो डीसीआर पोर्टलवर टाकून मोबाइलवरच खात्री करता येते. पॅनेल छतावर चढायच्या आधी मागच्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा, नंतर तिथे हात पोचत नाही.

वीज कंपनीची फी किती?

राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करायला एक रुपयाही लागत नाही. नेट मीटर आणि जोडणीचं शुल्क त्या-त्या वीज कंपनीच्या नियमांप्रमाणे असतं आणि आपल्याकडे ते नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या चौकटीत ठरतात. महावितरणने या योजनेतल्या ग्राहकांना नेट मीटर मोफत देण्याचं जाहीर केलं आहे.

परवानगीचंही तसंच. २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. १० किलोवॅटपर्यंतचा पूर्ण भरलेला अर्ज आता तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर झाला असंच धरतात. त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागला तर तेही काम वीज कंपनीने करायचं. यंत्रणा ५ किलोवॅटपर्यंत असेल आणि त्यासाठी कंपनीचं जाळं मजबूत करावं लागलं, तर तो खर्चही कंपनीचाच.

आता हे वाचून कोटेशन उघडा. माझ्या नात्यातल्या एका घरी आलेल्या कोटेशनवर तीन ओळी होत्या: "परमिशन चार्जेस", "लायझनिंग" आणि "मीटर खर्च". तिन्हींची बेरीज पाच आकडी! मी विक्रेत्याला एवढंच विचारलं, "यातल्या कुठल्या रकमेची वीज कंपनीची पावती आमच्या नावावर मिळेल?" दोन ओळी त्याच दिवशी गळाल्या. तिसरी त्याच्या माणसाच्या फेऱ्यांची मजुरी होती. ती घ्यायला हरकत नाही, पण मग तिला मजुरीच म्हणावं, सरकारी फी म्हणू नये.

कोटेशन कसं वाचायचं?

एक कल्पित उदाहरण घेऊ. ३ किलोवॅट, करासहित १,८०,००० रुपये. जाहिरातीत मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं "फक्त १,०२,०००". कारण ७८,००० आधीच वजा केलेले असतात. प्रत्यक्षात विक्रेत्याला १,८०,००० द्यावे लागतात आणि अनुदान नंतर येतं. मधल्या काळासाठी ७८,००० कुठून आणायचे, हे घरात आधी ठरवा. रोख नसेल तर ३ किलोवॅटपर्यंत सरकारी बँका तारण न घेता २ लाखांपर्यंत कर्ज देतात.

जीएसटी पण बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. बसवण्यासकट पूर्ण कामाच्या बिलात ७० टक्के रक्कम वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची धरतात. सेवेवर १८ टक्के कर असतो, म्हणून एकूण कर ८.९ टक्के पडतो. आधी तो १३.८ टक्के होता. कोटेशनवर अजून १३.८ दिसत असेल तर विक्रेत्याने जुना नमुना तसाच छापलाय.

आणि हो, योजनेत विक्रेत्याने ५ वर्षं देखभाल द्यायचीच असते. "एएमसी"च्या नावाने पहिल्या पाच वर्षांचे वेगळे पैसे मागितले तर करार दाखवा.

किती किलोवॅट घ्यावेत?

महाराष्ट्रात १ किलोवॅटमधून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. जागा लागते १०० चौरस फूट, सावली नसलेली. घराच्या मागच्या १२ बिलांतले युनिट जोडा, १२ ने भागा, मग १२० ने भागा. ३०० युनिटवाल्या घराला अडीच किलोवॅट पुरतात.

जास्त बसवून फायदा का नाही? आपलं बिल टप्प्यांत असतं, वरचे युनिट महाग आणि खालचे स्वस्त. सोलर आधी वरचे महाग युनिट कमी करतं. जसजशी यंत्रणा मोठी होते तसतसे स्वस्त युनिट वाचतात, म्हणजे प्रत्येक वाढीव पॅनेलची कमाई घटते. वापरून उरलेले युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात जमा होतात, पण ३१ मार्चला हिशोब बंद होतो आणि शिल्लक युनिट वीज कंपनी कमी दराने विकत घेते. १ एप्रिलला पाटी कोरी!

"बिल शून्य येईल" हेही अर्धसत्य आहे. युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

अर्ज भरताना : मोबाइल कोणाचा?

क्रम असा आहे: नोंदणी, अर्ज, विक्रेत्याची निवड आणि करार, बसवणं, वीज कंपनीची तपासणी आणि नेट मीटर, कार्यान्वयन प्रमाणपत्र, बँक तपशील, अनुदान. सरकारी माहितीत शेवटच्या टप्प्यासाठी साधारण ३० दिवस सांगितले आहेत.

१. नाव जुळवा. वीजबिल, आधार आणि बँक खातं एकाच व्यक्तीचं हवं. बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करा, सोलर त्यानंतर. नाहीतर सगळं बसून झाल्यावर अनुदान अडकतं.

२. मोबाइल घरातलाच द्या. अनेक विक्रेते "आम्हीच फॉर्म भरतो" म्हणत स्वतःचा नंबर टाकतात. मग अर्ज कुठे अडकलाय हे त्यांना कळतं, तुम्हाला नाही. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येऊ दे.

३. विक्रेता पोर्टलच्या यादीतलाच घ्या. यादीबाहेरच्याकडून बसवलं तर अनुदान नाही.

४. काम संपल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. शेवटचा हप्ता नेट मीटर लागल्यावर, असं करारात लिहून घ्या.

५. पत्ता तपासा. खऱ्या पोर्टलचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असाच होतो. अनुदानासाठी व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल कधीच इन्स्टॉल करू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा.

नेहमी येणारे प्रश्न

फ्लॅटमध्ये राहतो, मला मिळेल का?
गच्ची सोसायटीची असते, त्यामुळे वैयक्तिक यंत्रणेला सोसायटीची संमती लागते. सोसायटीने लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे किंवा ईव्ही चार्जिंगसाठी बसवलं तर प्रति किलोवॅट १८,००० अनुदान आहे. मर्यादा घरटी ३ किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडा.

लाइट गेल्यावर सोलर चालेल का?
नाही. बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा लाइट गेली की स्वतःहून बंद होते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरचा करंट लागू नये म्हणून ही सोय असते.

तक्रार कुठे करायची?
योजनेबद्दल १५५५५ वर आणि वीज कंपनीबद्दल १९१२ वर. फोन करण्याआधी अर्ज क्रमांक आणि ग्राहक क्रमांक समोर ठेवा.

शेवटी एक काम सांगतो. आज घरी गेल्यावर वीजबिलाचा फोटो काढा आणि त्यावर तीन गोष्टी शोधा: नाव कोणाचं आहे, मंजूर भार किती आहे आणि मागच्या महिन्यांत युनिट किती जळाले. एवढं हातात असलं की विक्रेता समोर बसल्यावर प्रश्न तुम्ही विचाराल आणि उत्तरं त्याला द्यावी लागतील. लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर नक्की शेअर करा!