संगणकांचे दूरस्थ व्यवस्थापन

दूर ठिकाणच्या संगणकाची यंत्रसामग्री जाळ्यामार्फत सुरू वा बंद करणे, तिची स्थिती तपासणे आणि बिघडलेली प्रणाली पुन्हा कार्यान्वित करणे, यास संगणकांचे दूरस्थ व्यवस्थापन म्हणतात. प्रचालन प्रणाली बंद पडली असतानाही ते करता येते, हे त्याचे वैशिष्ट्य होय. मात्र त्यासाठी जाळे व प्रत्येक संगणक यांची तयारी बिघाडापूर्वीच झालेली असावी लागते.

या पद्धतीची निकड जिल्हा प्रशासनाच्या रचनेवरून स्पष्ट होते. बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. जिल्ह्याचे ठिकाण घाटावर असून मुंबई–नागपूर लोहमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, शेगाव असा जातो. संग्रामपूर व जळगाव जामोद उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी, तर लोणार दक्षिणेकडे आहे. अशा प्रदेशात एका संगणकासाठी तंत्रज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणाहून पाठवावयाचा, तर बहुधा सबंध दिवस खर्ची पडतो. सात-बारा उतारा व फेरफार यांच्या नोंदी संगणकावर आल्यापासून या विलंबाची झळ थेट खातेदारास पोहोचते.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची स्थापना १९७६ मध्ये झाली. १९८० नंतरच्या दशकात त्याच्या ‘निकनेट’ या उपग्रहाधारित जाळ्याने देशातील जिल्ह्यांची मुख्यालये जोडण्यास प्रारंभ झाला. त्या काळी संगणक थोडे व एकाच ठिकाणी असल्याने देखभालीचा प्रश्न मर्यादित होता. राज्यव्यापी जाळ्यांच्या योजनेस केंद्र शासनाने २००५ मध्ये मंजुरी दिली व जाळे तालुक्यांपर्यंत नेण्याचे ठरले. ग्रामपंचायती जोडणारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली. तीच पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेली. जाळ्याच्या विस्ताराबरोबर देखभालीचे कामही गावोगाव विखुरले.

याच सुमारास परदेशांत आवश्यक तंत्रे विकसित होत होती. जाळ्यातील उपकरणांची स्थिती विचारण्याचा ‘एसएनएमपी’ हा संकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० नंतरच्या दशकात बंद संगणकास जागे करणारा ‘मॅजिक पॅकेट’ हा संदेश प्रचारात आला. त्यात ठराविक सहा बाइटांनंतर संगणकाच्या जाळे-पत्त्याची १६ वेळा पुनरावृत्ती असते. सर्व्हरांसाठी ‘आयपीएमआय’ हे मानक १९९८ मध्ये तयार झाले. इंटेल कंपनीने २००६ मध्ये ‘व्हीप्रो’ या नावाखाली कार्यालयीन संगणकांतच स्वतंत्र नियंत्रक बसविण्याची सोय बाजारात आणली. संगणक बंद असला, तरी हा नियंत्रक अल्प विजेवर जागा राहतो.

पूर्वतयारीत प्रथम यंत्रांची नोंदवही करून त्यांचे जाळे-पत्ते टिपले जातात. कारखान्यात ठरविलेला परवलीचा शब्द बदलून प्रत्येक नियंत्रकास अंकीय प्रमाणपत्र देतात. जागे करणारा संदेश सर्वसाधारणपणे स्थानिक जाळ्यापुरताच पोहोचतो. राउटर तो पुढे जाऊ देत नाही. म्हणून तो संदेश देणारे एखादे यंत्र प्रत्येक कार्यालयात सतत चालू ठेवणे सोयीचे ठरते. व्यवस्थापनाची द्वारे केवळ अधिकृत केंद्रासाठी खुली ठेवून इतरांस बंद केली जातात.

ही शेवटची दक्षता सर्वांत महत्त्वाची होय. संगणक बंद असताना उघडणारे द्वार त्याच्या वापरणाऱ्यास दिसत नाही. इंटेलच्या या व्यवस्थेतील एक गंभीर दोष मे २०१७ मध्ये उघड झाला. त्यामुळे परवलीचा शब्द माहीत नसतानाही, व्यवस्था कार्यान्वित केलेल्या संगणकांचा ताबा जाळ्यामार्फत घेता येत होता. दुरुस्ती उपलब्ध झाली, तरी ती प्रत्येक यंत्राच्या फर्मवेअरमध्ये पोहोचविणे आवश्यक होते. ज्या कार्यालयांची नोंदवही अपुरी, त्यांना कोणती यंत्रे धोक्यात आहेत, हेच सांगता येणे कठीण.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. वीज किंवा दूरसंचार तार खंडित झाल्यास ती निरुपयोगी ठरते आणि जळालेला भाग शेवटी हातानेच बदलावा लागतो. तथापि कोणता भाग न्यावयाचा, हे आधी कळल्याने दुसरी फेरी वाचते. दूरच्या तालुक्यातील कार्यालयाच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. परंतु नियंत्रणाच्या किल्ल्या कोणाकडे आहेत व त्यांच्या वापराची नोंद कोण ठेवतो, हे निश्चित केल्यावरच तो निर्धोकपणे पदरात पडतो.